‘डिफ्यूजन’ : ओतण्याचा शब्द आणि नाणेघाटातले आकडे

आज आपण एक इंग्रजी शब्द घेणार आहोत, ‘डिफ्यूजन’. शब्द तुमच्या ओळखीचा आहे. रसायनशास्त्राच्या वर्गात भेटलेला असतो, समाजशास्त्रात भेटतो, शेतीखात्याच्या प्रशिक्षणात भेटतो, आणि ‘तंत्रज्ञानाचा प्रसार’ असं मराठीत म्हटलं की त्याच्यामागे हाच उभा असतो. अर्थ सोपा वाटतो : एका जागी असलेली गोष्ट बाहेरच्या बाजूला पसरत जाणं. पण शब्द सोपे वाटले की आम्हाला जरा शंका येते. सोपा शब्द आपल्या तोंडून काय काय वदवून घेतो, हे बघायला हवं. आणि ते बघायला शहापूर-मुरबाडइतकी सोयीची जागा दुसरी नाही. का, ते पुढे येईलच.

आधी मराठीतली वाटणी बघू. पसरण्याच्या शास्त्रीय शब्दांची आपल्या पाठ्यपुस्तकांनी छान व्यवस्था लावली आहे. उष्णतेने वस्तू वाढते ते प्रसरण. प्रकाश कणांवर आपटून विखुरतो ते विकिरण. लोलकातून सात रंग वेगळे होतात ते अपस्करण. सूर्यापासून ऊर्जा निघते ते प्रारण. आणि शाईचा थेंब पाण्यात हळूहळू पसरतो ते विसरण. हे विसरण म्हणजेच डिफ्यूजन. ‘वि’ आणि ‘सृ’, सरकत दूर जाणं. सरिता, संसार, प्रसार हे सगळे त्याच ‘सृ’चे. मुलं मात्र हा शब्द ऐकून हसतात, कारण आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘विसरणं’ वेगळं. ते ‘स्मृ’पासून आलेलं, विस्मरणातून. दोन निराळ्या धातूंची मुलं मराठीत येऊन एकसारखी दिसायला लागली. असो. पण पसरता पसरता काही विसरलं जातं का, हा प्रश्न मनात असू द्या.

आता इंग्रजी शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘फुंडेरे’ म्हणजे ओतणं. त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागला की ‘डिफुंडेरे’, म्हणजे चारी दिशांना ओतून देणं. यात पसरणं नंतर आलं, आधी ओतणं आहे. भांडं आहे, हात आहे, आणि हाताने भांडं कलतं केलं आहे. या एका ‘फुंडेरे’चा गोतावळा मोठा आहे. रक्त एकातून दुसऱ्यात ओततात ते ट्रान्सफ्यूजन. सगळं एकत्र ओतून गोंधळ झाला तो कन्फ्यूजन. दिलेले पैसे परत ओतले तो रिफंड. बाटलीत तेल ओतायचं ते फनेल, म्हणजे नरसाळं. वितळलेला धातू साच्यात ओततात ती फाउंड्री. छापखान्यातल्या ओतीव टाइपाला फाँट म्हणतात, तोही इथलाच. आज संगणकावर काहीच ओतावं लागत नाही, तरी नाव राहिलं. विजेचा फ्यूज ‘उडतो’ असं आपण म्हणतो, खरं तर तो वितळतो, आणि वितळण्याचा फ्यूज याच घराण्यातला.

इथे एक सावधगिरी. बॉम्बचा फ्यूज या घराण्यातला नाही. तो लॅटिनमधल्या चातीच्या, म्हणजे सूत कातायच्या टकळीच्या नावावरून आला. वातीची नळी चातीसारखी दिसायची म्हणून. म्हणून बॉम्ब निकामी करणं हे ‘डिफ्यूज’ नव्हे, ते ‘डी’ आणि ‘फ्यूज’, स्पेलिंग वेगळं. इंग्रजी वर्तमानपत्रं यात नेहमी चुकतात आणि तणाव ‘चहूकडे ओततात’. तणाव निवळावा हा हेतू असतो, लिहिलेलं असतं तणाव पसरवला!

इंग्रजीत ‘डिफ्यूज’ हे विशेषण आधी आलं, साधारण पंधराव्या शतकात, आणि गंमत म्हणजे त्याचा एक अर्थ होता ‘गोंधळलेलं, दुर्बोध’. आजही पाल्हाळिक लिहिणाऱ्याच्या शैलीला डिफ्यूज म्हणतात. म्हणजे पसरणं ही तेव्हा फारशी कौतुकाची गोष्ट नव्हती. पसरलेलं म्हणजे पातळ झालेलं. शब्दाला प्रतिष्ठा आली ती नंतर, ज्ञानाच्या संदर्भात. तिकडे आपण येऊच. त्याआधी ओतण्याच्या मागे अजून एक पायरी जायचं आहे.

भाषाशास्त्रज्ञांनी लॅटिन, ग्रीक, संस्कृत, जर्मानिक भाषा शेजारी ठेवून त्यांच्या पूर्वज-भाषेतला ओतण्याचा धातू पुन्हा मांडला आहे. त्यातला पहिला ध्वनी लॅटिनमध्ये ‘फ’ झाला, ग्रीकमध्ये ‘ख’, जर्मनमध्ये ‘ग’, आणि संस्कृतात ‘ह’. ही अदलाबदल मनमानी नाही, तिला नियम आहे. आपला हंस घ्या : ग्रीकमध्ये तो ‘खेन’, जर्मनमध्ये ‘गान्स’, इंग्रजीत ‘गूज’. तोच ह, तोच ख, तोच ग. तर मग ओतण्याचा धातू संस्कृतात कोणता? ‘हु’. जुहोति. अग्नीत तूप ओतणं. होम, हवन, हवि, आहुती, होता हे सगळे त्याचे. पारशांच्या अवेस्तेत यज्ञ चालवणारा ‘झओतर’ असतो, तो आपल्या होत्याचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये ओतणं म्हणजे ‘गीसेन’. तेव्हा ‘डिफ्यूजन’ या शब्दाच्या पोटात जो धातू आहे तोच आपल्या ‘आहुती’च्या पोटात आहे.

हे सांगितलं की सभागृहात काही चेहरे लगेच खुलतात, आणि कोणीतरी म्हणतं, म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली! तर नाही. बहिणीला आई म्हणायचं नसतं. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी, त्यांची आई एक, आणि तिने लिहून ठेवलेलं काहीच आपल्या हाती नाही. एवढंच खरं आणि एवढं पुरेसं आहे. शिवाय बहिणींचे संसार कसे वेगळे झाले तेही बघण्यासारखं आहे. लॅटिनच्या घरात ओतणं धातूकाम, नरसाळं, पैसे यांच्याकडे गेलं. आपल्या घरात ते अग्नीजवळ थांबलं. तिकडे ‘चारी दिशांना’ हा उपसर्ग लागला, इकडे ‘आ’ लागला, म्हणजे या एका ठिकाणी, इकडे. डिफ्यूजन आणि आहुती, धातू एक, दिशा उलट्या.

आता नाणेघाट. तुमच्यापैकी बरेच जण गेला असाल. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालं की वैशाखरे येतं, आणि तिथून वर चढायचं. पायथा मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नर तालुक्यात, जिल्हे दोन. माथ्याशी कोकणाकडे तोंड करून एक लेणं आहे. मूर्ती म्हणाल तर आज पावलांच्या खुणाच राहिल्या आहेत, पण वर नावं कोरलेली आहेत : सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि कुमारांची. डाव्या-उजव्या भिंतींवर मोठा लेख आहे, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी इसवीसनापूर्वीचं दुसरं शतक म्हणतात, बहुतेक आता पहिलं म्हणतात. लेख नागनिकेचा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन. आणि मग काय आहे? यज्ञांची यादी! अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, गवामयन, आप्तोर्याम… आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा. १,७०० गाई, १० हत्ती. २४,४०० कार्षापण. ११,००० गाई, १,००० घोडे. म्हणजे सरळ सांगायचं तर हा ‘हु’ धातूचा हिशेब आहे. किती वेळा ओतलं आणि त्याबद्दल कोणाला काय दिलं.

१८२८ मध्ये विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने या लेखाकडे लक्ष वेधलं. जेम्स प्रिन्सेपने वाचण्याचा प्रयत्न केला. पण यज्ञांच्या मध्ये मध्ये येणाऱ्या विचित्र चिन्हांचा पत्ता लावला तो पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. हे जुनागढचे, मुंबईत भाऊ दाजी लाडांनी त्यांना आणलं, रीतसर पदवी वगैरे काही नाही, आणि देशभर पायी हिंडून त्यांनी शिलालेखांचे ठसे घेतले. १८७६ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांनी नाणेघाटातल्या आकड्यांवर लिहिलं. ती चिन्हं म्हणजे अक्षरं नव्हती, संख्या होत्या. पुढे ब्यूलरने पूर्ण लेख संपादून प्रसिद्ध केला.

हे आकडे कसे आहेत, ते नीट समजून घ्या, कारण यावर फार फुशारक्या मारल्या जातात. यात शून्य नाही. स्थानमूल्यही नाही, म्हणजे आकडा कुठे बसला आहे यावरून त्याची किंमत ठरत नाही. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. मग २४,४०० कसे लिहिले? वीस हजाराचं चिन्ह, मग चार हजाराचं, मग चारशेचं. तीन चिन्हांत काम झालं. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. सहाचा आकार बघितला तर तुम्हाला इंग्रजी सहा आठवल्याशिवाय राहणार नाही. ब्राह्मी आकडे याहून जुनेही आहेत, अशोकाच्या लेखांत थोडे सापडतात. त्यामुळे आकडे मुरबाडच्या घाटात जन्मले असं म्हणायचं कारण नाही. पण इतक्या प्राचीन काळातला एवढा भरगच्च संच एका जागी मिळणं दुर्मीळ, आणि आज जगभर चालणाऱ्या आकड्यांच्या वंशावळीत हा संच अगदी वरच्या ओळीत येतो, याबद्दल वाद नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. काही शतकांनी स्थानमूल्याची पद्धत आली, शून्य आलं. ६६२ साली सिरियातला सेवेरस सेबोख्त नावाचा बिशप हिंदूंच्या नऊ चिन्हांची तारीफ करतो. ८२५च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी या पद्धतीवर पुस्तक लिहितो. त्याच्याच नावाचा अपभ्रंश म्हणजे ‘अल्गोरिदम’. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन होतं. आणि पिसाचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, तो हे आकडे शिकला कुठे? उत्तर आफ्रिकेतल्या बुजी बंदरात. तिथल्या जकात कचेरीत त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघत. १२०२ साली त्याचा ग्रंथ आला. जकात कचेरी लक्षात ठेवा. नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकायचा असं इकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रांजणाचं खरं-खोटं काहीही असो, घाट व्यापाराचा होता याबद्दल शंका नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे नवे आकडे वापरायला मनाई केली. म्हणजे पसरणं काही गुळगुळीत चाललं नव्हतं. अडवणारे होते, आणि त्यांनाही कारणं होती.

इतिहासकार या सगळ्याला एका शब्दात म्हणतो : आकड्यांचं डिफ्यूजन. आमचं भांडण इथून सुरू होतं.

भौतिकशास्त्रातलं डिफ्यूजन काय आहे? टॉमस ग्रॅहॅमने १८३०च्या आसपास वायूंवर प्रयोग केले. १८५५ मध्ये अडॉल्फ फिकने नियम मांडला : पदार्थ जास्त दाटीकडून कमी दाटीकडे जातो, आणि फरक जितका तीव्र तितका वेग अधिक. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की प्रत्येक कण वेडावाकडा, विनाहेतू हलत असतो, आणि त्यातूनच एकूण पसरणं घडतं. दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. या चित्रात कोणी ओतणारा नाही, कोणी वाहणारा नाही, कोणाची इच्छा नाही. शब्दाच्या पोटातला तो भांडं धरलेला हात गळून पडला आहे. आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, रेणूला हेतू नसतो.

तरी तिथेही एक गंमत आहे. वर्गात उदाहरण देतात की कोपऱ्यात उदबत्ती लावली की विसरणाने वास खोलीभर पसरतो. खरं म्हणजे नुसत्या विसरणाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला वास यायला फार फार वेळ लागेल. वास येतो तो मुख्यतः हवेच्या झुळकेने. झुळूक वाहून नेते, आणि श्रेय विसरणाला.

माणसांच्या इतिहासात तर झुळूकच सगळं काही आहे. आकडे कल्याणच्या बंदरापर्यंत कोणाच्या पाठीवरून गेले? इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याणचं नाव येतं, पैठण आणि तेरचंही येतं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनारांची, लोहारांची दानं कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचीही नावं आहेत. हे सगळे घाट चढले-उतरले असणार. आणि त्यांच्या मालाचे बैल हाकणारे, घाटात ओझं उचलणारे, वाट दाखवणारे? त्यांचं नाव कुठेही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी जुन्नरकडच्या वाटांवर पायी हिंडले ते यासाठीच, की लेखांत नसलेली माणसं वाटांत, आयांच्या ठाण्यांत, दगडी हत्यारांत सापडतात का बघावं. ‘आकडे पसरले’ असं म्हटलं की ही माणसं वाक्यातूनच जातात. कर्ता नसलेलं वाक्य तयार होतं. मघाशी ज्या विसरण्याबद्दल बोललो, ते हे.

तत्त्वज्ञानात या कर्ता नसलेल्या वाक्याला मोठा वारसा आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ मानत की चांगलं जे असतं ते स्वभावानेच पसरतं. डायोनिसियसच्या नावावरच्या ग्रंथांतून हा विचार आला आणि तेराव्या शतकात अक्वायनसने तो वापरला. ईश्वराबद्दल बोलताना तो शोभतो. पण एकोणिसाव्या शतकात तो खाली उतरला आणि शिक्षणखात्यात शिरला. १८२६ साली लंडनमध्ये हेन्री ब्रूम यांनी ‘उपयुक्त ज्ञानाच्या डिफ्यूजनासाठी’ एक सोसायटी काढली. स्वस्त पुस्तकं, पेनी मॅगझिन वगैरे. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाची मराठी शाखा निघाली, दादोबा पांडुरंग अध्यक्ष, आणि पुढे तिचं मासिक ‘मराठी ज्ञानप्रसारक’. ‘प्रसारक’ हा शब्द बघा. डिफ्यूजनचं मराठी करताना या मंडळींनी ‘क’ लावला, कर्ता आणला! प्रसार आपोआप होत नाही, प्रसारक लागतो. आम्हाला हे भाषांतर मुळापेक्षा सरस वाटतं. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं नव्हे, भाषेनेच ते करवून घेतलं.

सरकारी कागदांत मात्र तसं झालं नाही. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात युरोपीय ज्ञानाच्या डिफ्यूजनाची भाषा आहे. त्याच्या आधीपासून आणखी एक कल्पना जोरात होती : वरच्या थोड्या लोकांना शिकवा, मग ते आपोआप खाली झिरपेल. झिरपणं आणि पसरणं, दोन्हींत मधला माणूस गायब. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात नेमकं यावर बोट ठेवलं. सारा भरतो रयत, त्या पैशावर शिकतात वरचे वर्ग, आणि त्यांच्याकडून खाली काय आलं? म्हणून त्यांनी गावोगावी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि त्यासाठी शेतकरी जातींतून आलेले शिक्षक मागितले. म्हणजे झिरपण्याची वाट न बघता हाताने नेऊन पोचवणारे.

त्याच काळात रेल्वे मुंबईहून बाहेर सरकत होती. १८५३ ठाणे, १८५४ कल्याण, १८५५ वाशिंद, १८६१ कसारा, १८६५ इगतपुरी. तारखा ओळीने म्हटल्या की वाटतं, अरे, हे तर पाण्यातली शाई! पण सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज घाटाचंही नाव होतं. निवडला गेला थळघाट. शहापूर तालुक्याला रूळ मिळाले, मुरबाडला नाही. दोन तालुके, मध्ये फारसं अंतर नाही, आणि दीड शतकाचा फरक एका निवडीने पडला. शाई निवड करत नाही.

आणि शहापूरचं दुसरं उदाहरण तर फिकच्या नियमाला चक्रावून टाकणारं आहे. तानसा धरण १८९२चं. भातसा नंतरचं. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग या पट्ट्यातून जातो. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. दाटी इथे आहे, पाणी इथे आहे, तर नियमाप्रमाणे ते आधी शेजारच्या कोरड्या पाड्यात पसरायला हवं. ते पसरत नाही. ते पाइपातून शंभरेक किलोमीटर जातं. कारण पाणी ओतलं जातं, आणि कुठे ओतायचं हे भांडं धरणारा ठरवतो. इथे जुनं लॅटिन क्रियापद नव्या भौतिकशास्त्रापेक्षा खरं बोलतं.

मानववंशशास्त्रातही या शब्दाने बरीच धमाल उडवली. १८७८-७९च्या सुमारास एडवर्ड टायलरने मेक्सिकोतला पाटोली हा सोंगट्यांचा खेळ आणि आपली पचिसी यांच्यातलं साम्य दाखवून म्हटलं की खेळ आशियातून तिकडे गेला असावा. पुढे एलियट स्मिथसारख्यांनी ते टोकाला नेलं, जगातली संस्कृती सगळी इजिप्तहून पसरली! आपल्याकडे ‘सगळं इथूनच पसरलं’ म्हणणारे आहेत, ते त्याच शाळेतले, फक्त वर्तुळाचं केंद्र उचलून आपल्या अंगणात ठेवतात. केंद्र कोणतंही घ्या, बाकीचं जग नुसतं भिजायला बसलेलं टीपकागद!

शेतीत हा शब्द आला तो अमेरिकेतून. १९४३ मध्ये आयोवातल्या संकरित मक्यावर अभ्यास झाला, १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्सचं पुस्तक आलं, आणि शेतकऱ्यांचे वर्ग पडले : नवं आधी घेणारे, मागून घेणारे, आणि शेवटचे ‘लॅगार्ड’, म्हणजे रेंगाळणारे. आता मुरबाडच्या एकरभर खाचरात, एका पावसावर भात घेणारा कुणबी किंवा ठाकर नवं बियाणं एक वर्ष थांबून बघतो. शेजाऱ्याचं कसं येतं ते बघतो, पेंढा जनावरं खातात का बघतो, भात शिजल्यावर कसा लागतो तेही बघतो. याला रेंगाळणं म्हणायचं? हरला तर वर्षाचं पोट जातं. रॉजर्सनी स्वतः नंतरच्या आवृत्त्यांत कबूल केलं की या विषयात नव्याच्या बाजूने झुकतं माप आहे आणि दोष व्यक्तीवर ढकलण्याची खोड आहे. हा मोठेपणा. आपल्या प्रशिक्षणांत मात्र पहिली आवृत्तीच चालते.

भाताचा विषय निघालाच आहे तर अजून एक. इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द आधी शेतातला, मुठीने बी फेकून पेरण्याचा. रेडिओने तो नंतर उचलला. इकडे राब भाजून त्यावर मुठीने भात पेरतात, तेही तसंच. पण मुठीने फेकलेलं पीक इथेच संपत नाही. दाट उगवलेली रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखल केलेल्या खाचरात नेऊन वाकून एकेक चूड लावायची. लावणी, इकडे आवणी. दाटीकडून विरळाकडे जाणं हेच, फिकचा नियम अक्षरशः पाळला जातो! फक्त प्रत्येक चुडामागे एक वाकलेली पाठ असते. भात खाचरात ‘पसरला’ असं आवणीला गेलेली बाई कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, लावला.

कोणी विचारेल, मग डिफ्यूजन हा शब्द टाकून द्यायचा का? तसं नाही. वायूंना तो हवाच. साथीच्या रोगांना बऱ्याच अंशी चालतो. आकड्यांसारख्या हजार-बाराशे वर्षांच्या प्रवासाला एकच नाव द्यायचं तर दुसरा सोयीचा शब्द नाही, आम्हीही आज तो वापरला. फक्त वाक्यात तो आला की विचारायचं, ओतलं कोणी, नेलं कोणी, अडवलं कोणी, आणि कोणाच्या दारावरून गेलं पण आत आलं नाही. नाणेघाटाच्या लेखात दक्षिणा देणाऱ्या राणीचं नाव आहे, यज्ञांची नावं आहेत, गाईंचा आकडा आहे. ११,००० गाई कोणी वळल्या, त्या कोणत्या माळावरून आणल्या, याची एक ओळ नाही. लेख बराच झिजला आहे, काही ओळी गेल्याच आहेत, पण त्या ओळींत गुराखी असतील असं आम्हाला तरी वाटत नाही.

लेणं बघायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात धुक्यात भिंत दिसत नाही. दुपार कलल्यावर उन्हाची तिरीप आली तर उथळ झालेली अक्षरं थोडी उठून दिसतात. दोन आडव्या रेघा शोधा, तो दोन. अक्षरांवर हात फिरवू नका, खडूने तर मुळीच भरू नका. हौशी मंडळींनी आधीच बरंच नुकसान केलं आहे.

पुढच्या व्याख्यानात ‘रेडिएट’ घेऊ, त्याच्या पोटात चाकाचा आरा आहे. आता प्रश्न असतील तर विचारा.